झाकणापाशी काढलेल्या चपला

"तिला सांगू नकोस. तू स्वतः उतरणार म्हटलं की ती रात्रभर डोळ्याला डोळा लावायची नाही, आणि तिच्यापायी तुझंही लक्ष उडेल."

सासूबाईंचं हे वाक्य तिच्यासाठी नव्हतं. ती मोरीत भांडी विसळत होती. मोरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत वरून वीतभर उघडी होती. हे सासूबाई तीस वर्षांत विसरल्या होत्या, आणि ती सहा आठवड्यांत शिकली होती.

"नाही सांगत," नवरा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तसंही ती विचारते कुठे?"

खरं होतं ते. ती विचारत नसे. घरात एक माणूस वाढलं पण आवाज काही वाढला नाही, असं धाकटा दीर येईल-जाईल त्याला सांगत असे. माहेरी आई म्हणायची, हिच्या पोटात विहीर आहे, टाकलेलं वर म्हणून येत नाही. आणि नशीब बघा, तिला दिलं ते नेमकं अशा घरात, जिथं सगळ्यांचं पोट टाकलेलं वर येण्यावर चालत होतं.

तुंबलेल्या लाईन मोकळ्या करणं हा या घराचा धंदा. एखाद्याच्या न्हाणीघरात मैलापाणी घोट्यापर्यंत चढतं, हॉटेलच्या भटारखान्यात जाळीतून काळं पाणी उलटं उसळतं, दवाखान्यात पेशंट बाहेर बसलेले आणि आत डॉक्टर खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले, असं काही झालं की फोन इथं वाजतो. फोन करणारा आधी शपथेवर सांगतो की आम्ही काही म्हणजे काही टाकलेलं नाही. मग पाईपमधून चमचे निघतात, मोजे निघतात, एकदा तर आख्खी कवळी निघाली होती. कवळीवाल्या आजोबांनी ती ओळखायला साफ नकार दिला, आणि तोही तोंडाला रुमाल लावून. दिराची ही लाडकी गोष्ट. लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत, पानावर बसलेलं असताना त्यानं ती तिला सांगितली होती, आणि ती हसली म्हणूनच लग्न झालं, असं त्याचं ठाम मत होतं.

या घरात तिनं आतापर्यंत एकच चूक केली होती, तीही तिसऱ्या दिवशी. दारात चपला नि बूट कसेही पडलेले असायचे. तिनं ते उचलले, पुसले, जोडीनं लावून कोपऱ्यातल्या फळीवर ठेवले. संध्याकाळी सासरे बाहेर जायला निघाले. त्यांनी खाली पाहिलं, आणि त्यांचा हात चौकटीवर गेला.

"कुणी उचलल्या?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एकेक जोड फळीवरून खाली काढायला लावला, ज्याचा त्याला. मग ते बाहेर गेलेच नाहीत. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

रात्री नवऱ्यानं तिला समजावलं. पूर्वी गटाराच्या चेंबरमध्ये माणसं उतरायची. उतरणारा गमबूट घालायचा आणि आपल्या चपला झाकणापाशी काढून ठेवायचा. वर चपलांचा जोड दिसला, म्हणजे आत माणूस आहे. जोड असेपर्यंत झाकण लागत नाही. म्हणून दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही, ज्याच्या त्यानंच बाहेर येऊन पायात घालायच्या. कागदावर कुठं लिहिलेलं नाही, पण लिहिलेलं सगळं विसरलं तरी एवढं विसरायचं नाही.

चेंबरपाशी ठीक आहे, तिच्या मनात आलं. पण घराच्या दारात कशाला? विचारलं मात्र नाही. पोटातल्या विहिरीत टाकलं.

आता मोरीत उभ्या उभ्या तिनं आज संध्याकाळचं बोलणं जुळवून पाहिलं. जुन्या बाजारामागच्या गल्लीत एक लॉन्ड्री होती. तीन दिवस रोज रात्री तिच्या न्हाणीघरात पाणी चढत होतं, लोकांच्या कपड्यांची गाठोडी टेबलावर रचून ठेवली होती. सळ्या टाकून पाहिल्या, त्या चाळीस फुटांवर कशाला तरी अडत होत्या. पाण्याचा मारा करायची गाडी, जिला घरात सगळे नुसतं 'मशीन' म्हणत, तिचा पंप बिघडून ती गॅरेजमध्ये पडलेली. जेवताना नवऱ्यानं ती जागा सांगितली. खाली लॉन्ड्री, वर एक म्हाताऱ्या बाई, त्यांच्या जिन्याची सातवी पायरी तुटलेली, आणि बाई प्रत्येकाला वरून ओरडून "सातवी सोडा" म्हणून सांगतात. दीर हसला. सासऱ्यांनी ताटातला हात काढला आणि म्हणाले, "ते काम घेऊ नकोस."

कारण विचारलं तर सांगेनात. मुलगा म्हणाला, शब्द दिलाय बाबा. सासरे पुन्हा म्हणाले, नको घेऊ. मग उठून हात धुतले.

मशीन नाही, सळ्या अडतात, आणि शब्द दिलाय. म्हणजे माणूस उतरणार. माणूस आत उतरवायला बंदी आहे हे बापलेक तिघांनाही ठाऊक होतं. या धंद्यातल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं. सासऱ्यांनी स्वतःचा धंदा उघडला तेव्हा आधी मशीन आणलं, मग पाटी रंगवली. आजवर त्यांनी एकही माणूस खाली सोडलेला नव्हता.

तिनं शेवटचं पातेलं पालथं घातलं, हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत आली. नवऱ्याचा कामाचा शर्ट खुंटीवर होता, वरचं बटण लोंबत होतं. ती सुई-दोरा घेऊन बसली.

साडेदहा वाजले होते. निघायचं साडेबाराला. रात्री एकनंतर घरोघरचे नळ थांबतात, लाईनीतलं पाणी उतरतं, मग काम सोपं. तोवर झोपून पुन्हा उठायचं म्हणजे अंग जड होतं, म्हणून सगळे जागेच होते. सासूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. दीर जमिनीवर आडवा होऊन दोराची गुंडाळी करत होता. दोर कशासाठी हे तिला माहीत नाही, असं सगळे समजून चालले होते.

"बाबा, काहीतरी सांगा की," दीर म्हणाला. "तुमची ती भुताबिताची. वहिनीला अजून एकही ऐकवली नाहीये."

सासऱ्यांनी खुर्ची दिव्यापासून जराशी मागं घेतली.

"भूत मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "पण माझ्या ओळखीचा एक मुकादम होता. त्याचं सांगतो. जसं झालं तसं."

दीर उठून मांडी घालून बसला.

बावीस वर्षं झाली, सासरे म्हणाले. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, वार मंगळवार. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी मुकादमाकडे फोन आला. एका बाइंडरचं दुकान होतं, पुस्तकं बांधून द्यायचा. त्याच्या न्हाणीघरात पाणी चढलं होतं आणि दुकानात शाळांची शेकडो पुस्तकं जमिनीवर पडलेली. बाइंडर फोनवर रडकुंडीला आला होता. मुकादमाचे दोन गडी गावाला गेलेले. काम छोटं आहे, एकट्यानं होईल, म्हणून सळ्या, पहार आणि टॉर्च घेऊन तो निघाला.

मुकादम तसा धीट. वीस वर्षं त्यानं लोकांचं तुंबलेलं मोकळं केलेलं. साप पाहिलेले, नको ते पाहिलेलं. तो सांगायचा, घाण माणसाला काही करत नाही, घाणीला वास असतो. खरा घात करतो तो वास नसलेला वारा.

दुकानात गेला. पाणी घोट्याच्या वर. बाइंडर आणि त्याची बायको पुस्तकं उचलून शिडीवर, खिडकीत, मिळेल तिथं ठेवत होते. मुकादमानं न्हाणीघरातून सळ्या सारल्या. चाळीस फुटांपर्यंत गेल्या आणि अडल्या. म्हणजे अडथळा घरात नाही, मागच्या गल्लीतल्या मोठ्या चेंबरपाशी आहे. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक बाई खाली यायला निघाल्या, काय झालंय बघायला. बाइंडरनं खालून हाक दिली, "सातवी सोडा हो बाई!"

तिची सुई कापडात थांबली.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो घड्याळात बघत होता. दीर जांभई देत होता. लॉन्ड्री आणि बाइंडर, बावीस वर्षांचं अंतर. त्यांच्या डोक्यात काही जुळलं नव्हतं. सासऱ्यांनी मात्र एकदाच तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर दिव्याकडे नेली.

पाऊस सुरू झाला होता, ते पुढं म्हणाले. जोराचा नव्हे. बारीक, नोव्हेंबरात पडतो तसा चुकार. मुकादम दुकानाच्या मागच्या दारानं गल्लीत गेला. गल्ली अरुंद, दोन्हीकडं घरांच्या पाठी, एकही खिडकी उघडी नाही. टोकाला एक दिवा. दिव्याखाली चेंबर.

झाकण बंद होतं.

आणि झाकणापाशी चपला होत्या.

दीर हसायला गेला आणि अर्ध्यात राहिला. "म्हणजे आत…"

"हं," सासरे म्हणाले.

"पण झाकण तर…"

"बंद होतं."

मोरीतून पाणी उतरल्याचा बुडबुड आवाज आला, तिनं मघाशी ओतलेलंच. तरी ती आणि दोघं भाऊ तिकडं वळले.

मुकादम थांबला, सासरे म्हणाले. त्यानं चपलांवर टॉर्च मारला. रबरी चपला, जुन्या. कुणीतरी आत्ताच काढून ठेवाव्यात तशा, टाचा झाकणाकडं. उतरणारा माणूस पाठमोरा उतरतो ना, म्हणून त्या तशा राहतात. मुकादमानं पहार घातली. झाकण उचललं. खाली बघितलं.

काही नव्हतं. चेंबर मोकळं. तळाला हातभर पाणी, तेही वाहतं. अडलेलं काहीही नाही. तो खाली बघत होता तेवढ्यात दुकानातून बाइंडरचा आवाज आला. उतरलं, उतरलं, पाणी उतरलं.

मग मुकादमानं झाकण लावायला घेतलं. आणि त्याला ऐकू आलं.

"काय?"

"शीळ."

आमच्याबरोबर काम करणारा एक गडी होता… म्हणजे मुकादमाबरोबर, सासरे म्हणाले. अंगानं रेड्यासारखा, आणि सगळे त्याला पाखरू म्हणायचे. कारण खाली उतरला की तो शीळ घालायचा. सारखी. एकच गाणं, अर्धंच. पुढचं त्याला यायचं नाही. वरच्यानं ती ऐकत राहायचं. शीळ चालू आहे तोवर माणूस ठीक आहे.

"आणि ती पाईपमधून येत होती," सासरे म्हणाले. "लांबून. जिथं सळ्या अडल्या होत्या तिथून. अर्धं गाणं… थांबायचं… पुन्हा पहिल्यापासून."

"वारा असेल बाबा," नवरा म्हणाला. "लाईनीत वारा घुमतो."

"असेल."

"मग?"

"मुकादमानं हाक मारली. नावानं नाही. पाखरू म्हणून."

"मग?"

"शीळ थांबली."

आता सासऱ्यांची वाक्यं तुटत चालली होती. ते गुडघ्यावर हात ठेवून पुढं वाकले होते, आणि खोलीतल्या कुणाकडंही पाहत नव्हते. मुकादम तिथंच बसला. झाकण उघडं ठेवून. पावसात. त्याला जाता येईना. जोड आहे, म्हणजे झाकण लावता येत नाही. झाकण उघडं टाकून जाताही येत नाही. बारा वाजले. एक वाजला. दुकानातला दिवा गेला. तो चपलांकडं बघत बसला. डोळा मिटायचा नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं. दोन वाजता बाइंडर छत्री घेऊन मागं आला. मुकादम अजून इथंच, हे बघून त्याला वाईट वाटलं. चांगला माणूस होता. म्हणाला, अहो, चपला भिजतायत तुमच्या, आडोशाला ठेवतो.

आणि वाकला.

"म्हणजे त्यालाही दिसल्या?" दिराचा आवाज बारीक झाला होता.

"दिसल्या."

"मग?"

"मुकादम किंचाळला. तसा तो आयुष्यात पुन्हा किंचाळला नाही. बाइंडरच्या हातातली छत्री पडली. पळाला तो."

"पण एवढं किंचाळायला काय झालं? चपलाच तर उचलत होता. आडोशाला ठेवत होता बिचारा."

सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते, पण त्यांचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता.

"त्याच्या दोन वर्षं आधी," शेवटी सासरे म्हणाले, "तेच चेंबर. संध्याकाळची वेळ. पाखरू खाली. मुकादम वर. दुसरा एक गडी गाडीतून सळ्या आणायला गेलेला. पाऊस आला…"

ते थांबले.

"चपला भिजायला लागल्या. काही नव्या नव्हत्या. उजव्या चपलेच्या पट्ट्याला लाल वायर बांधलेली, तुटला होता म्हणून. पण माणूस बाहेर येणार, ओल्या चपला घालणार… मुकादमाला वाटलं. त्यानं उचलल्या. गाडीत नेऊन ठेवल्या. आणि दोन मिनिटं दुकानात गेला, मालकाला सांगायला की होतच आलंय."

कुणीही "मग" म्हणालं नाही.

"दुसरा गडी आला. जोड नाही. पाऊस वाढलेला, शीळ ऐकू येईना. म्हणाला, आला असेल वर, चहाला गेला असेल. त्यानं झाकण लावलं." सासऱ्यांनी तळहाताकडं पाहिलं. "नियमानं लावलं. त्याची चूक नाही. त्यानं नियमानं लावलं."

"किती वेळ?" नवऱ्यानं विचारलं.

"चाळीस मिनिटं."

सुई तिच्या बोटात घुसली होती. तिनं ती काढली आणि बोट पदरात दाबलं. बटण कधीच पक्कं बसलं होतं, तरी ती त्यावरून दोरा फिरवत राहिली होती.

पुढचं सासऱ्यांनी भराभर सांगितलं, एखादं कडू औषध संपवावं तसं. चौकशी झाली. कागदावर असं आलं की तो कुणाला न सांगता उतरला, आणि प्यायलेला होता. मुकादमानं खाली सही केली. पाखरू पीत नसे. प्यायल्यावर शीळ नीट जमत नाही म्हणायचा. त्याची बायको आली होती, कडेवर लहान मुलगी. तिनं बाकी काही मागितलं नाही, फक्त त्याच्या चपला मागितल्या. मुकादम म्हणाला, सापडल्या नाहीत. गाडीत सीटखाली होत्या तेव्हा. त्याच रात्री गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्यानं एका चेंबरचं झाकण उचललं आणि त्या आत टाकून दिल्या.

"आणि दोन वर्षांनी…" दीर म्हणाला.

"दोन वर्षांनी मंगळवारी, एकोणीस तारखेला, त्या तिथं होत्या. टाचा झाकणाकडं. लाल वायर."

"सकाळी काय झालं?"

सकाळी पेपरवाल्याची सायकल गल्लीतून गेली. घंटी वाजली म्हणून मुकादमानं एवढीशी मान वळवली. परत पाहिलं तर चपला नव्हत्या. रात्रभराच्या पावसानं सगळी फरशी काळी झालेली, आणि झाकणापाशी दोन जागा कोरड्या. दोन पावलांएवढ्या. तो बघत असतानाच त्याही भिजल्या. मग त्यानं झाकण लावलं. पुन्हा त्या गल्लीत गेला नाही. आणि म्हणायचा की तिथं कुणी उतरू नये.

"कुठल्या गल्लीत?" नवऱ्यानं विचारलं.

तिनं मान वर केली. आता म्हणतील, तिला वाटलं. आता एक शब्द म्हटला तर पुरे. गल्लीचं नाव सांगितलं तर मुलगा जाणार नाही, पण मग मुकादम कोण तेही सांगावं लागेल. दिवा एकदा फडफडला.

"आठवत नाही," सासरे म्हणाले.

नवऱ्यानं सुस्कारा सोडला आणि पाय मोकळे केले. मुकादम बरा माणूस असणार, पण मनानं हळवा, असं काहीसं तो म्हणाला. आता असं होत नाही. गॅस मोजायचं यंत्र आहे, कमरेला दोर असतो, वर भाऊ उभा. 'कमरेला' म्हणताना तो अडखळला आणि त्यानं चोरून तिच्याकडे पाहिलं. तिनं दात लावून दोरा तोडला.

"मस्त होती बाबा," दीर म्हणाला, पण उठताना त्यानं मोरीच्या दाराला कडी घातली. "वहिनी घाबरली. बघ ना, एक शब्द नाही तोंडातून."

"तिच्या तोंडातून एरवी तरी कधी येतो?" नवरा म्हणाला, आणि शर्ट घ्यायला हात पुढं केला.

तिनं शर्ट दिला नाही. घडी करून मांडीवर ठेवला.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते दाराकडं पाहत होते, बंद दाराकडं. तसंच, जसं तिसऱ्या दिवशी त्यांनी दारातल्या रिकाम्या जमिनीकडं पाहिलं होतं. तेव्हा तिला कळलं नव्हतं की चार घरगुती चपला जागेवर नाहीत म्हणून माणूस असा पांढराफटक का पडावा. पोटातल्या विहिरीत टाकलेलं ते आता वर येत होतं, आणि येताना आणखी पुष्कळ काही घेऊन येत होतं.

"मी गाडीतला टॉर्च बघतो," दीर म्हणाला आणि दाराकडं निघाला.

ती त्याच्या आधी उठली. शर्ट काखेत धरला, आणि कोनाड्यातला टॉर्च घेऊन दार उघडलं.

बाहेर पाऊस नव्हता. आठवडाभर नव्हता. अंगण कोरडं, वाट कोरडी. पायरीवर चपला, रोजच्यासारख्या अस्ताव्यस्त, ज्याच्या त्याच्या जागी. लग्न झाल्यापासून दारातून जाता-येता ते जोड मोजायची तिला सवयच लागली होती, कोण घरात आहे कोण नाही ते विचारावं लागू नये म्हणून. सासऱ्यांचा. सासूबाईंचा. नवऱ्याचे बूट. दिराचे. तिच्या स्वतःच्या.

मग तिनं पुन्हा मोजले. सहा.

बाकीचे पाचही जोड तोंडं दाराकडं, नाहीतर एकमेकांकडं, कुठंही. हा एकच नीट होता. टाचा घराच्या दाराकडं.

तिनं टॉर्च खाली धरला. पाणी ठिबकत होतं… थेंब… थेंब… त्या जोडाखालची पायरी काळी झालेली. पायरीपर्यंत ओल्या पावलांची वाट नव्हती. कुठूनच नव्हती. वास घाणीचा येत नव्हता. वास पावसाचा होता.

उजवा पट्टा, लाल वायर.

तिचा हात सवयीनं पुढं गेला… भिजतायत म्हणून…

…आणि थांबला.

तिनं हात मागं घेतला. सरळ झाली. मागं दीर उभा होता. तिच्या खांद्यावरून त्यानं पाहिलं असावं, कारण तो काही बोलत नव्हता, आणि तो न बोलण्याची या घराला सवय नव्हती. नवरा त्याच्यामागं. सासूबाईंनी डोळे उघडले होते. सासरे खुर्चीतून उठले नव्हते, पण दाराकडं पाहायचं त्यांनी थांबवलं होतं. ते जमिनीकडं पाहत होते. बाहेर काय आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

नवऱ्यानं तिचं नाव घेतलं. हळूच, प्रश्नासारखं.

ती त्याच्याकडं वळली नाही. टॉर्च विझवला. दार उघडंच ठेवलं. मग सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली, आणि या घरात आल्यापासून जेवढं बोलली नव्हती तेवढं एकदम बोलली. आवाज मात्र चढला नाही.

"बाबा, दारात सहा जोड आहेत आणि घरात आपण पाच. मी हात लावलेला नाही. मागच्या वेळी तुम्हीच उचलल्या होत्या, आताही तुम्हीच उचला, आणि उजाडलं की त्याच्या बायकोच्या दारात नेऊन ठेवा. खरं काय ते तिला सांगा. तोवर या घरातलं कुणीही उतरणार नाही."